महागडं वॅक्स, आधी दोन बादल्या

आजचा विषय: स्पोर्ट्स कारला घरच्या घरी वॅक्स.

कार्नोबा म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. डबी महाग, पण खरं काम ती उघडण्याआधीच असतं. गाडीच्या रंगावर क्लिअर कोट असतो, साधारण 40-50 मायक्रॉन, केसापेक्षाही पातळ. आपल्याकडे वणीकडची कोळशाची धूळ, शेताच्या रस्त्यांची काळी माती. त्यावर कोरडं फडकं फिरवलं की बारीक चरे पडलेच म्हणून समजा. वॅक्स ते थोडे झाकतं, पण घासून गेलेला कोट परत येत नाही बरं का.

म्हणून आधी धुवा. 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरात पाण्यावाचून काय हाल झाले, आठवतंय ना? पाइप राहू द्या. दोन बादल्या घ्या: एक कार शॅम्पूची, दुसरी हातमोजा खंगाळायला. वरून खाली या. बोअरचं जड पाणी पत्र्यावर सुकू देऊ नका, पांढरे डाग पडतात. मायक्रोफायबरने लगेच टिपा.

वॅक्स सकाळी, सावलीतच. बॉनेटला हात लावा, गार लागलं पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर ते पटकन वाळतं आणि निघता निघत नाही. पातळ थर, एका वेळी एकच भाग. मॅट रंगाला आणि काळ्या प्लास्टिकला लावू नका. पाण्याचे गोल थेंब बनणं थांबलं, की पुन्हा लावायची वेळ झाली.

डबी थोडी स्वस्त घेतली तरी चालेल, धुण्यात कंजुषी नको. भेटू पुढच्या भागात!