जागतिक ध्येये आणि आपले नगर
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिग्रस येथे दिलेले व्याख्यान)



गुणवंतांचा सत्कार, वधूवर-परिचय आणि विद्यार्थी-साहाय्य निधी हे आपल्या मेळाव्याचे नित्याचे विषय आहेत व त्यांवर बोलणारे माझ्याहून अधिक अधिकारी वक्ते येथे बसलेले आहेत. म्हणून मी थोडा बाहेरचा वाटणारा विषय घेतला आहे. तो खरोखर बाहेरचा आहे की आपल्या उंबरठ्यावरचा, हे आपण ऐकून ठरवावे.

२५ सप्टेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शाश्वत विकासाची १७ ध्येये मान्य केली. १९३ राष्ट्रांनी त्यांस संमती दिली आणि ती गाठण्याची मुदत २०३० ही ठरली. ह्या १७ ध्येयांच्या पोटात १६९ उद्दिष्टे आहेत. दारिद्र्य, भूक, आरोग्य, शिक्षण, स्त्री-पुरुष समता असा त्यांचा विस्तार मोठा आहे. पण आज मला त्यांतील तिघांशीच कर्तव्य आहे. सहावे ध्येय शुद्ध पाणी व स्वच्छता ह्यांचे, अकरावे शहरांचे आणि बारावे वस्तू जबाबदारीने वापरण्याचे.

ठराव राष्ट्रे करतात, परंतु नळ, नाली आणि कचऱ्याची गाडी ही कोणत्याही राष्ट्राच्या राजधानीतून चालत नाहीत. आपल्याकडे ७४व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, नगरपालिकांकडे सोपवावयाच्या १८ विषयांची अनुसूची घटनेत घातली. पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा हे सारे तीत आहेत. म्हणजे न्यूयॉर्कच्या सभागृहात उच्चारलेला शब्द खरा व्हावयाचा असेल, तर तो धावंडेच्या काठी दिग्रसच्या गल्लीतच खरा व्हावा लागेल. जगातील शहरांनीही हे ओळखले आहे. खुद्द न्यूयॉर्क शहराने २०१८ साली आपल्या प्रगतीचा स्वतंत्र अहवाल सादर केला आणि आपल्या देशात भोपाळने २०२३ साली तोच मार्ग धरला.

नीती आयोगाने २०२१ साली ५६ शहरांची ह्या ध्येयांवर परीक्षा घेतली. त्यांत दहा लाखांवर वस्तीची ४४ शहरे होती व उरलेल्या १२ लहान राजधान्या होत्या. दिग्रससारख्या गावाचे नाव तेथे असण्याचा प्रश्नच नव्हता. शिक्षकाच्या जुन्या सवयीने सांगतो, ज्या मुलाची परीक्षाच घेतली नाही तो नापास झाला असे म्हणता येत नाही; पण तो उत्तीर्ण झाला अशी समजूत करून त्याने निश्चिंत राहावे, असेही नाही.

लहान गावांना ह्या परीक्षेस बसविण्याचे काम आपल्या राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियानाने केले. २ ऑक्टोबर २०२० रोजी ते सुरू झाले. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश ह्या पंचमहाभूतांवर त्यात नगरपरिषदांना व ग्रामपंचायतींना गुण दिले जातात. १७ ध्येये पाठ करणे तुम्हा-आम्हांस जड जाईल, पण पंचमहाभूते आपल्या आजीलाही ठाऊक होती. ही योजकता मला आवडली. मात्र गुणांचा हव्यास लागला म्हणजे भिंती रंगविण्यावर भर येतो आणि भिंतीमागची नाली तशीच वाहत राहते. असा प्रकार मी एकाहून अधिक गावांत पाहिला आहे.

खरे काम कसे असते ते पाहावयाचे तर कोकणात वेंगुर्ल्याकडे पाहावे. वस्ती सुमारे बारा हजारांची, म्हणजे गाव आपल्याहून पुष्कळच लहान. तेथेही इतर गावांप्रमाणे गावाबाहेर कचऱ्याचे आगर होते. २०१५ च्या सुमारास मुख्याधिकारी श्री. रामदास कोकरे ह्यांनी घराघरांतच कचरा वेगळा करण्याचा आग्रह धरला. ओल्या कचऱ्यापासून वायू व खत होऊ लागले, सुक्या कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकार निवडले जाऊ लागले आणि निरुपयोगी प्लॅस्टिकचा चुरा करून तो रस्त्याच्या डांबरात घालण्यात आला. जेथून लोक नाक दाबून जात, तेथे उद्यान झाले व ते पाहण्यास इतर नगरपरिषदांची मंडळी येऊ लागली. ह्यात कोणतेही अगम्य यंत्र नव्हते, हे लक्षात घ्यावे. वायूचे यंत्र पुष्कळ गावांनी विकत घेतले व त्यांतील कित्येक गंजून पडले, कारण त्यांच्या पोटात घरांतून आलेला मिसळलेला कचरा गेला. वेंगुर्ल्यात मुळातच, स्वयंपाकघराच्या दारातच, दोन डबे झाले होते.

आपण ज्ञातीच्या मंडपात बसलो आहोत, म्हणून येथेच एक गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या देशात कचऱ्याचा प्रश्न हा जातीचाही प्रश्न आहे. आपण भाजीची देठे, फुटकी काच, औषधाची सुई आणि बाळाचे दुपटे एकाच पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवतो, तेव्हा ती पिशवी कोणीतरी हाताने सोडणार असते, आणि ते हात बहुधा कोणत्या समाजाचे असतात हे आपणांस ठाऊक असते. हाताने मैला उचलावयास लावण्यास १९९३ च्या व पुन्हा २०१३ च्या कायद्याने बंदी केली. मिसळलेला कचरा हाताने निवडावयास लावणे ही मला त्याच रीतीची धाकटी बहीण वाटते. पुण्यात कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी, ज्यांतील बहुसंख्य दलित समाजांतील होत्या, १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली. पुढे २००८ मध्ये त्यांच्या ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला व त्या दारोदार जाऊन वेगळा कचरा घेऊ लागल्या. उकिरड्यावर वाकणारी बाई ओळखपत्र लावून दारात उभी राहिली. अकराव्या ध्येयाचा ह्याहून चांगला अर्थ मला कोणी सांगितलेला नाही.

आणि हा विचार आपणांस परका नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा रात्री कीर्तन करीत, पण त्याआधी दिवसा ते गाव स्वतः झाडीत. झाडू हा अमुक एका जातीचा आहे, ही समजूत त्यांनी भाषणाने खोडली नाही. ती हातानेच खोडली.

पाण्याविषयी थोडक्यात सांगतो. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी देणारी निळोणा व चापडोह ही धरणे आटली व जिल्ह्याच्या ठिकाणी लोक रात्र-रात्र टँकरची वाट पाहत बसले. आपल्या तालुक्यात अरुणावतीचे धरण आहे म्हणून आपण निर्धास्त राहावे, असे मला वाटत नाही. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देऊन प्रत्येक नळाला मीटर बसविले आणि जो जास्त वापरील त्याला चढा दर लावला. पाणी सतत मिळते म्हटल्यावर साठवण्याची व शिळे म्हणून ओतून देण्याची सवय मोडते. नागपूरने तर भांडेवाडी येथे सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीजकेंद्राला दिले; तेवढे गोडे पाणी वाचले.

आता आपल्या मंडळाकडे येतो. आपल्या घरची लग्ने, बारसे, तेरवी ह्यांत शेकडो पाने उठतात. ह्या यवतमाळ जिल्ह्यात पळसाला तोटा नाही. आपल्या लहानपणी पंगत पळसाच्या पत्रावळीवर बसे आणि उठलेली पत्रावळ उकिरड्यात खत होई. पुढे थर्माकोलची ताटे आली. २०१८ साली राज्याने व १ जुलै २०२२ पासून केंद्राने त्यांवर बंदी घातली. तरी आजच्या चकचकीत कागदी पत्रावळीला आतून प्लॅस्टिकचा पातळ मुलामा असतो व ती धड कुजत नाही, धड विकलीही जात नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तर असे सांगितले की, परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक माणसे जमविणाराने तीन कामाचे दिवस आधी नगरपरिषदेस कळवावे व कचरा जागच्या जागी वेगळा करून द्यावा. मोकळ्या मैदानावर मांडव घालणाऱ्या यजमानांपैकी किती जणांनी असे कळविले, हे मी येथे विचारीत नाही.

म्हणून मी कार्यकारिणीकडे तीन सूचना लेखी दिल्या आहेत. मंडळाच्या कार्यात पळसाची पत्रावळ किंवा धुण्याची ताटे असावीत. जे यजमान तसे करतील त्यांना मंडळाची भांडी भाड्याने न देता अनामत घेऊन द्यावीत. आणि सफाईसाठी येणाऱ्या बायकांना हातमोजे व ठरलेली मजुरी द्यावी, त्यांचे पान आपल्याच पंगतीत मांडावे. तिसऱ्या सूचनेवर काही ज्येष्ठांनी कपाळाला आठ्या घातल्या असे मला समजले. त्यांच्याशी बोलण्यास मी त्यांच्या घरी येईन.

भोजनाची वेळ होत आली आहे. मंडपाच्या दोन्ही टोकांना महिला मंडळाने पिंपे ठेवली आहेत. पत्रावळ, द्रोण आणि उष्टे हिरव्या पिंपात टाकावे. कागद व वेष्टने निळ्यात. पेल्यात उरलेले पाणी मागच्या कडुलिंबाच्या आळ्यात ओतावे. मुलांनी पिंपांजवळ उभे राहण्याचे मान्य केले आहे. ते वडीलधाऱ्यांनाही अडवतील, त्यांच्यावर रागावू नये.