गावातल्या घराचा भाव कोण ठरवतं?

आपल्या बचत गटाची वही बैठकीत सगळ्यांसमोर उघडी असते. कुणी किती भरले, कुणी किती उचलले, सगळ्यांना दिसतं. आज अशाच एका उघड्या वहीबद्दल बोलू या. ती आहे इंग्लंडमधली, घरांच्या विक्रीची.

तिथे घर विकलं की सरकारी जमीन नोंदणी खात्यात नोंद होते. १९९५ पासूनच्या विक्रीच्या किमती या खात्याने इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. कोणतं घर, कोणत्या तारखेला, किती पौंडांना गेलं, हे कुणीही पाहू शकतं.

पण लहान गावाचा आकडा जपून वाचावा लागतो. समजा, एका खेड्यात वर्षात पाचच घरं विकली गेली. चार घरं प्रत्येकी २ लाख पौंडांना आणि एक मोठा वाडा १२ लाखांना. सरासरी निघते ४ लाख! त्या भावाला तर एकही घर गेलेलं नाही. म्हणून किमती चढत्या क्रमाने लावायच्या आणि मधली बघायची. इथे ती २ लाख. खरी परिस्थिती तीच सांगते.

आता प्रश्न येतो, हा भाव चढतो कशाने? कॉर्नवॉल जिल्ह्यात समुद्रकाठी रॉक नावाचं गाव आहे. शहरातले पैसेवाले तिथे सुट्टीसाठी घरं घेतात. भाव त्यांच्या खिशाप्रमाणे ठरतो. मजुरी मात्र गावचीच राहते. सगळ्या इंग्लंडचा विचार केला तरी १९९७ च्या सुमारास घराची किंमत वर्षाच्या पगाराच्या साडेतीन पट होती, आता ती सात-आठ पट आहे. मग गावातच वाढलेल्या, गावातच काम करणाऱ्या मुलीने राहायचं कुठे? आणि वर्षातले बरेच महिने घरांना कुलूप असेल, तर दुकान आणि शाळा कशी चालायची?

रॉकमधली माणसं नुसती कुरकुरत बसली नाहीत. त्यांनी 'सेंट मिनव्हर' नावाची गावाची जमीन-संस्था काढली. जमीन स्वस्तात मिळवली आणि पहिली १२ घरं उभी केली. त्यात राहणाऱ्यांनी स्वतःही बांधकामाला हात लावला. घरं बाजारभावापेक्षा खूप कमी किमतीत स्थानिकांना मिळाली. अट एकच महत्त्वाची: पुढे विकायचं झालं तरी बाजारभावाच्या तेवढ्याच हिश्शाने विकायचं. म्हणजे स्वस्ताईचा फायदा पहिल्या मालकापाशी संपत नाही, पुढच्या कुटुंबालाही मिळतो.

मैत्रिणींनो, आपल्याकडेही खरेदीखताची नोंद होते आणि 'सूची २' मध्ये किंमत लिहिलेली असते. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तिची प्रत मागता येते. पण कागदावरची किंमत आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत कित्येकदा वेगळी असते, हे आपण जाणतो. म्हणून घर किंवा जागा विकण्याआधी आसपासच्या दोन-चार व्यवहारांची सूची २ काढा, शेजारीपाजारी विचारा, घरातल्या बाईलाही व्यवहारात बसवा. दलालाने सांगितलेल्या एकाच आकड्यावर अंगठा किंवा सही करू नका.

भाव माहीत असेल, तरच घासाघीस करता येते आणि गाव म्हणून एकत्र काही ठरवताही येतं. पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.