बुटातला पाय आणि नेमकी तक्रार



न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासून पुण्यात चालत आलेल्या या वसंत व्याख्यानमालेत मोठाल्या विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. आज आम्ही पायाविषयी बोलणार आहोत, आणि तेही मोडलेल्या पायाविषयी. विषय लहान वाटेल. पण ज्याचे पोट चालण्यावर आणि उभे राहण्यावर भरते, त्याला तो लहान नाही. हमाल, शिपाई, रखवालदार, घरकाम करणारी बाई, दुकानात दिवसभर उभा असणारा सेल्समन, या सर्वांचे भांडवल म्हणजे दोन पाय. त्यांतला एक बंद पडला की निम्मे नव्हे, सगळेच भांडवल बुडते.

माणसाच्या एका पावलात २६ हाडे असतात. घोट्याच्या पुढे, बोटांच्या मागे, पाच लांब हाडे ओळीने असतात. जिन्यावरून पाय मुरगळला, पावलावर पोते पडले, की त्यांतले एखादे मोडते. पूर्वी अशा वेळी प्लॅस्टरच घालत. प्लॅस्टरची पट्टी मॅथायसेन नावाच्या डच लष्करी डॉक्टरने १८५२ मध्ये जगापुढे मांडली, आणि तिने असंख्य हातपाय वाचवले. आता पुष्कळदा प्लॅस्टरऐवजी चालण्याचा बूट देतात. गुडघ्याखालपर्यंत येणारे ताठ कवच, आत मऊ अस्तर, वरून चिकटणारे पट्टे, आणि खाली होडीसारखा गोलसर तळ. पाऊल वाकत नाही, तळ पुढे घरंगळतो आणि माणूस चालतो. हाडाला विसावा मिळतो आणि माणसाला हालचाल मिळते, अशी ही तडजोड आहे. आम्ही युनियनची माणसे. तडजोडीची किंमत आम्हांस ठाऊक आहे. या तडजोडीची किंमत म्हणजे सहा-आठ आठवड्यांचा, कधी त्याहून अधिक काळाचा त्रास.

हा त्रास सोसायचा कसा, असे लोक विचारतात. आमचे म्हणणे असे की, आधी तो सोसायचा की सांगायचा हे ठरवावे. आपल्याकडे सोसण्याला फार मान आहे. आमच्या कचेरीत एक हमालबंधू आले होते. पायात बूट, चेहऱ्यावर घाम. विचारले, "काय होतंय?" म्हणाले, "काही नाही साहेब, दुखतंय एवढंच." डॉक्टरांनाही त्यांनी एवढेच सांगितले होते. आम्ही म्हटले, "दादा, मालकाकडे अर्ज करताना आपण 'अन्याय होतो' एवढेच लिहितो का? कोणत्या खात्यात, कोणत्या पाळीला, कोणत्या तारखेपासून, हे लिहितो. तसे पायाचे सांगा." तेव्हा कळले की पाय दुखत नव्हता, विरुद्ध बाजूची कंबर दुखत होती, आणि तीही चालल्यावरच. एवढे नेमके सांगितल्यावर उपाय त्याच दिवशी सापडला.

उपाय साधा होता. बुटाच्या जाड तळामुळे तो पाय दोन-तीन सेंटिमीटर उंच होतो. दुसऱ्या पायात सपाट चप्पल असली की माणूस लंगडतो आणि कंबर, पाठ, गुडघा कुरकुर करू लागतात. दुसऱ्या पायात तेवढ्याच उंचीचा, पायाला धरून बसणारा जाड तळाचा जोडा घालावा, किंवा चांभाराकडून तळ वाढवून घ्यावा. घरातसुद्धा. एका पायात बूट आणि दुसरा पाय अनवाणी, हे कमरेला परवडत नाही.

आम्ही स्वतः डाव्या पायात हा बूट सहा आठवडे घातला आहे. म्हणून बाकीच्या तक्रारीही क्रमाने सांगतो. टाच घासत असेल तर ती मागे टेकलेली नाही असे समजावे. बसून, टाच मागे दाबून, पट्टे बोटांकडून वर असे क्रमाने आवळावेत. पट्टा इतका घट्ट नको की बोटे बधिर होतील, आणि इतका सैल नको की पाऊल आत सरकेल. नडगीवर किंवा घोट्याच्या हाडावर टोचत असेल तर नेमकी जागा बोटाने दाखवावी. तिथे मऊ गादी बसवून देता येते. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात आत घाम साचतो. सुती, लांब, सुरकुती न पडणारा मोजा घालावा आणि दिवसातून एकदा तरी बदलावा. डॉक्टरांनी बूट काढण्याची परवानगी दिली असेल तर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडा करावा. खाज सुटली म्हणून फूटपट्टी किंवा विणायची सुई आत घालू नये. जखम होते आणि ती दिसत नाही.

संध्याकाळी पाय सुजतो. खुर्चीसमोर स्टूल ठेवले म्हणजे झाले असे नव्हे. आडवे होऊन, उशांवर पाय छातीहून उंच ठेवावा. जिन्याचा नियम पाठ करावा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. पेठांतल्या जुन्या वाड्यांचे उभे, अंधारे जिने ज्यांना रोज चढायचे आहेत त्यांनी हा नियम दाराशी लिहून ठेवावा. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नव्हे, विरुद्ध हातात धरावी. शौचाला उकिडवे बसता येत नाही, तेव्हा खुर्चीचे भांडे मागण्यात लाज नाही. आणि पुणेकरांना हे सांगणे जड जाते, पण बूट असेपर्यंत दुचाकी चालवू नये. सिग्नलला तोल सांभाळायला तोच पाय टेकावा लागला तर बूट काही वाचवणार नाही. तंबाखू आणि विडीने हाड जुळायला उशीर होतो, हेही ध्यानात असावे.

काही तक्रारी मात्र दुसऱ्या दिवसावर टाकू नयेत. बोटे निळी, गार किंवा बधिर पडली. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली. दम लागला किंवा छातीत दुखले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. पायात रक्ताची गुठळी होण्याचे ते लक्षण असू शकते. मधुमेह असणाऱ्यांच्या पायाला टोचणे पुष्कळदा कळतच नाही. त्यांच्यासाठी घरातल्या कोणी डोळ्यांनी रोज पाय पाहावा.

इथवरचे काम शहाण्या रोग्याचे. पण बुटाचा सर्वांत मोठा त्रास पट्ट्यात नसतो, तो पगाराच्या तारखेत असतो. सहा आठवडे म्हणजे दीड महिन्याची मजुरी. ती बुडणार असेल तर माणूस चौथ्या आठवड्यात बूट कोपऱ्यात ठेवून कामावर जातो. त्याला अडाणी म्हणू नये. त्याने हिशेब केलेला असतो.

या हिशेबाचे उत्तर जुने आहे. रॉबर्ट जोन्स नावाचे इंग्लंडातील एक शल्यविशारद होते. करंगळीमागच्या हाडाच्या एका मोडीला आजही त्यांचे नाव आहे; नाचताना त्यांचे स्वतःचेच ते हाड मोडले आणि १९०२ मध्ये त्यांनी त्यावर लिहिले. पण आम्हांस ते दुसऱ्या कारणासाठी मोठे वाटतात. १८८८ पासून मँचेस्टरचा जहाजी कालवा खणणाऱ्या हजारो मजुरांच्या अपघातांची व्यवस्था त्यांच्याकडे होती, आणि त्यांनी कालव्याच्या काठाने रुग्णालये व प्रथमोपचाराची ठाणी यांची साखळी उभी केली. मोडलेले हाड ही मजुराची खाजगी बाब नाही, ती कामाची बाब आहे, हे त्या साखळीने सिद्ध केले.

आपल्याकडे १९२३ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा झाला, १९४८ मध्ये राज्य विम्याचा झाला. कामावर पाय मोडला तर विमेदार कामगाराला, तो बरा होईपर्यंत, मजुरीच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळावी अशी त्यात पुढे तरतूद झाली. पुण्याच्या हमालांनी डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायत उभी केली, आणि १९६९ मध्ये राज्यात माथाडी कायदा झाला. ज्याला एक मालक नाही, त्यालाही मंडळाचा आधार मिळाला. घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्या मुलांची तर कायद्याच्या भाषेत नोंदही नव्हती. ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत झाली. नोंद झाली म्हणजे पैसा हातात पडला असे नव्हे. ते काम अजून पुढे आहे.

म्हणून अपघाताच्या दिवशीच तीन गोष्टी कराव्यात. कामावरील अपघाताची लेखी नोंद करून घ्यावी. डॉक्टरांच्या कागदावर तारीख आणि विश्रांतीचे दिवस स्पष्ट लिहून घ्यावेत. आणि बूट घालून कामावर परतायचे झाल्यास बसून करण्याचे काम लेखी मागावे. बसण्याची मागणी क्षुल्लक नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. चांगल्या पायांच्या माणसालाही जे हवे, ते मोडक्या पायाच्या माणसाने मागावे यात संकोच कसला?

या सभागृहात कामगार थोडे असतील, काम देणारे अधिक. त्यांच्याकडे आमचे एवढेच मागणे आहे. सोसायटीचा रखवालदार, दुकानातला नोकर, घरी येणाऱ्या बाई पायात बूट घालून आल्या, तर "कधी बरे व्हाल?" असे आधी विचारू नका. "कुठे टोचते आहे?" असे विचारा, एक स्टूल द्या, आणि त्या दीड महिन्याचा पगार कापू नका. हाड आपल्या वेळेने जुळते. तेवढा वेळ त्याला मिळवून देणे आपल्या हातात आहे.