नाला कोरडा आहे म्हणून प्लॉट स्वस्त आहे

मागच्या रविवारी नांदगाव खंडेश्वरला घरी गेलो होतो. बाबांनी एका नवीन लेआउटमधला प्लॉट बघून ठेवलाय. दर कमी, रस्ता जवळ, मागे नाला. मी नाल्याचं नाव काढलं तर म्हणाले, "काऊन बे, बारा महिने कोरडाच असते तो."

आता मी घाबरतो का, ते सांगतो. 23 सप्टेंबर 2023. शनिवार. मी तेव्हा नागपुरात अंबाझरीच्या खालच्या भागात तळमजल्यावर भाड्याने राहायचो. पहाटे किचनमधून ठण ठण आवाज यायला लागला. रिकामं सिलिंडर तरंगत दारावर आपटत होतं! पलंगावरून पाय खाली टाकला तर गुडघाभर पाणी. शेजारच्या आजींना चालता येत नव्हतं. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट आम्ही तिघांनी जिन्यावरून वर नेलं. लॅपटॉप, मार्कशीट सगळं खालीच राहिलं.

त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता. अंबाझरी तलाव ओसंडला आणि ते पाणी नाग नदीत मावलं नाही. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सगळीकडे पाणी. माणसं गेली. सैन्याला बोलवावं लागलं. पुढे रहिवासी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेले. सांडव्याजवळचं बांधकाम आणि नदीचं पात्र, वाद यावरच होता.

शंभर मिलिमीटर म्हणजे टाचेच्या थोडं वर, एवढंच वाटतं ना? हिशोब करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. एक चौरस किलोमीटरवर शंभर मिलिमीटर म्हणजे दहा कोटी लिटर. दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर! आपली काळी माती एकदा फुगली की पाणी पटकन मुरू देत नाही. वर सिमेंट रोड. मग ते सगळं जाणार कुठं? सगळ्यात खालच्या प्लॉटवर.

मोठ्या नद्यांना पूररेषा असते. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. गावच्या नाल्याला कोण आखून देतं? म्हणून बाबांना घेऊन मीच नाल्यावर गेलो. तिथं बकऱ्या चारणारे एक काका भेटले. काही बोलले नाहीत, नुसती काठी वर करून बाभूळ दाखवली. फांद्यांत कडब्याचा कचरा अडकलेला, बाबांच्या छातीच्या उंचीला.

बाबा बराच वेळ तिथंच उभे होते. गाडीवर बसताना म्हणाले, "इसार देऊन बसलो ना मी."

मला हे माहीतच नव्हतं. एक्कावन्न हजार. परत मागायचे की सोडून द्यायचे, यावर घरी अजून चालूच आहे. आई म्हणते सोडा.