पाहिलेला धडा
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



सुट्टीच्या दिवशी मुले ओसरीवर ‘शाळा-शाळा’ खेळतात. त्या खेळातील छोट्या गुरुजींचे बोलणे, हातवारे, डोळे वटारणे हे सारे वर्गातल्या गुरुजींसारखेच असते. त्या मुलाला पाढे कदाचित पाठ नसतील. गुरुजींची लकब मात्र अचूक साधलेली असते. ती त्याला कोणी शिकविलेली नसते. त्याने ती पाहिली आणि उचलली.

या अनुकरणाचा शास्त्रीय अभ्यास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने केला. त्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग १९६१ सालचा. त्यात सुमारे तीन ते सहा वर्षांची ७२ बालके होती. हवा भरलेल्या, पाडली तरी पुन्हा उभी राहणाऱ्या एका मोठ्या बाहुलीला मोठे माणूस हातोड्याने व ठोशांनी मारीत आहे, असे २४ बालकांनी पाहिले. दुसऱ्या २४ बालकांसमोर मोठे माणूस शांतपणे खेळत राहिले. उरलेल्या २४ बालकांना काहीच दाखविले नाही. पुढे आवडती खेळणी काढून घेऊन सर्वांना किंचित नाराज केले गेले आणि त्या बाहुलीजवळ सोडण्यात आले. तेव्हा पहिल्या गटातील अनेक मुलांनी तसेच प्रहार केले, तेच शब्दही उच्चारले.

१९६५ सालचा प्रयोग याहून उद्बोधक आहे. ६६ मुलांना एक चित्रपट दाखविण्यात आला. एका गटाने मारणाऱ्याला बक्षीस मिळताना पाहिले, दुसऱ्याने शिक्षा होताना, तर तिसऱ्याने यांपैकी काहीच पाहिले नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी अनुकरण कमी केले. येथवर ऐकून छडीचा पुरस्कर्ता प्रसन्न होईल. परंतु पाहिलेले करून दाखविल्यास खाऊ मिळेल असे सांगताच तिन्ही गटांतील भेद नाहीसा झाला! म्हणजे शिकली होती सगळीच मुले. शिक्षेने शिकणे थांबले नव्हते, केवळ ते प्रकट होणे थांबले होते.

यातील बोध शाळेशी निकट आहे. एका मुलाने दुसऱ्यास मारले म्हणून गुरुजी त्यास दोन छड्या देतात. कानावर उपदेश पडतो, ‘मारू नये’. डोळ्यांना दिसते की, मोठ्याने लहानास मारले तरी चालते. हा दुसरा धडा एकटा अपराधी शिकत नाही, सारा वर्ग शिकतो. आणि धाक दूर होताच तो बाहेर येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. परंतु कायदा हात रोखू शकतो. त्या हाताला दुसरे काय करावयाचे, हे शिक्षकानेच ठरवावयाचे असते.

बांडुराच्या मते अनुकरणास लक्ष, स्मरण, कृतीची क्षमता आणि प्रेरणा या चारही गोष्टी लागतात. म्हणून चांगली कृती मुलांच्या देखत, सावकाश आणि वारंवार घडावी. फळ्यावर चुकलेले गणित गुरुजींनी ‘माझे चुकले’ म्हणून पुसावे. भांडणाऱ्या दोघांना जवळ बसवून प्रत्येकाचे म्हणणे शांतपणे ऐकावे. वर्गातला कागदाचा कपटा स्वतः उचलावा. मग तेच मुलांना करू द्यावे, आणि केल्यावर कौतुकही करावे.

आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. घंटा झाल्यावर पाठ्यपुस्तक मिटते. शिक्षकाचे वागणे मात्र मुलांसमोर उघडेच असते.