आधीचं उत्तर ऐकणारा अर्ज



3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 110 किलोमीटर. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा भागातल्या नारळ-सुपारीच्या वाड्याच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पुढे पंचनामे झाले आणि फळबागांसाठी हेक्टरी 50 हजार रुपये जाहीर झाले. ऐकायला रक्कम मोठी होती. पण आपल्याकडची वाडी गुंठ्यांत असते आणि तिचा हिशेब झाडांवर चालतो, नारळ किती नि सुपाऱ्या किती असा. दहा गुंठ्यांच्या वाडीला हेक्टरी दराने मिळणार सुमारे पाच हजार. बागायतदारांनी मागणी लावून धरली, तेव्हा शासनाने झाडामागे मदत ठरवली: नारळाला 250 रुपये, सुपारीला 50. समजा, त्याच दहा गुंठ्यांत 15 नारळ आणि 150 सुपाऱ्या पडल्या असतील, तर हिशेब 11,250 रुपयांवर जातो. सुपारीचं रोप लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, हे लक्षात घेतलं तर हीसुद्धा भरपाई म्हणता येणार नाही. पण निदान वाडीवाल्याला त्याच्या भाषेत विचारलं तरी गेलं.

हे मी आज सांगतो आहे, कारण आता आपले बहुतेक अर्ज मोबाइलवर आले आहेत, आणि छापील कागदाला जे जमत नव्हतं ते मोबाइलवरच्या अर्जाला जमू शकतं. तो आधीचं उत्तर लक्षात ठेवून पुढचा प्रश्न त्याप्रमाणे विचारू शकतो. पीक भात असेल तर त्याने क्षेत्र विचारावं. पीक सुपारी असेल तर झाडं किती, त्यांतली फळ धरणारी किती, पडली किती, हे विचारावं. कागदावर यासाठी ‘उत्तर नाही असल्यास प्रश्न 14 पाहा’ अशा सूचना असायच्या, आणि त्या वाचता वाचता माणूस हमखास चुकायचा.

या पद्धतीचा उत्तम नमुना आपल्या देशातच आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं. त्याच्या प्रश्नावलीत आईला आधी विचारतात, बाळाचं नाव काय ठेवलं? पुढच्या प्रश्नांत ‘तुमचं पहिलं अपत्य’ असं न म्हणता ते नावच घ्यायचं असतं. ते बाळ हयात आहे की नाही, हे विचारून झाल्यावरच पुढचे प्रश्न ठरतात. गेलेल्या बाळाचं आजचं वय कुणी आईला विचारत नाही. 2015-16 च्या चौथ्या फेरीपासून ही माहिती छोट्या संगणकावर घेऊ लागले. आता प्रश्नाची वाट संगणक सांभाळतो आणि विचारणारीला समोरच्या बाईकडे बघायला उसंत मिळते.

हा जिव्हाळा सगळ्या अर्जांत नसतो. मी गावात लोकांना अर्ज भरायला मदत करतो. एका अर्जात एका काकींनी ‘विधवा’ असं सांगितलं, तसं मी नोंदवलं, आणि दोनच प्रश्नांनंतर पतीचं वार्षिक उत्पन्न समोर आलं. ते भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. “गुरुजी, आत्ताच सांगितलं ना, ते नाहीत म्हणून?” काकी म्हणाल्या. आम्ही तिथे शून्य टाकलं. ते शून्य खोटं आहे; ज्याचं उत्पन्न विचारलं तो माणूसच नाही. अर्ज बनवणाऱ्याने एक अट घातली असती, तर काकींना हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नसतं.

आता ई-पीक पाहणीकडे, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पीक नोंदवण्याच्या सोयीकडे येतो. 15 ऑगस्ट 2021 पासून ती राज्यभर सुरू झाली आणि सातबाऱ्यातल्या बाराव्या नमुन्याची नोंद शेतकऱ्याच्या हातात आली. खातेदार निवडला, गट क्रमांक निवडला, की क्षेत्र आपोआप समोर येतं. 2022 च्या सुधारित आवृत्तीत तर गटाचा मध्यबिंदू अ‍ॅपला ठाऊक होता. पिकाचा फोटो काढताना तुम्ही त्यापासून किती लांब उभे आहात हे ते सांगायचं. मिश्र पिकांत एका मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं त्यात नोंदवता येत. देशावरच्या शेताला हे पुरेल. पण आमच्या वाडीत नारळाखाली सुपारी, सुपारीवर मिरीचा वेल, सावलीत जायफळ, कडेला केळी, एखादी दालचिनी. यांतलं कोणतं वगळायचं? ‘नारळ’ असं उत्तर येताच अर्जाने किनाऱ्यावरची वाडी ओळखावी आणि तिच्याजोगे प्रश्न पुढे ठेवावेत, अशी माझी मागणी आहे. ती अवघड नाही.

आणखी एक अडचण खास मराठीची. आपलं उत्तर पुढच्या वाक्यात जसंच्या तसं चिकटवलं की ‘रेवदंडाला तुमचं घर आहे का?’ असा प्रश्न तयार होतो. रेवदंड्याचा माणूस तो वाचून थबकतो. उपाय सोपा आहे. गावाचं नाव वेगळ्या ओळीत द्यावं, खाली प्रश्न विचारावा. पण त्यासाठी अर्ज मुळात मराठीत लिहायला हवा.

सगळ्यांत मोठी काळजी मात्र वेगळीच आहे. पहिलं उत्तर चुकलं, तर लक्षात ठेवणारा अर्ज ती चूक प्रत्येक पानावर पुढे नेतो. ‘तुमच्या 150 सुपाऱ्यांपैकी’ असं स्क्रीनवर लिहून आलं की माणूस मान डोलावतो. त्या 1,500 होत्या हे त्याला तेव्हा सुचत नाही. आपल्या जुन्या पंचनाम्यात यावर बंदोबस्त होता. लिहून झालं की पंचांना तो वाचून दाखवायचा, बरोबर असल्याचं त्यांच्याकडून वदवून घ्यायचं, मगच सही किंवा अंगठा. मोबाइलवरच्या अर्जानेही हे केलंच पाहिजे: शेवटी सगळी उत्तरं एका पानावर, मोठ्या अक्षरांत, आणि प्रत्येकासमोर दुरुस्तीची सोय. शक्य असेल तर आवाजात वाचूनही दाखवावं, कारण अनेक वाड्यांची मालकी आज अशा आज्यांकडे आहे ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही. ई-पीक पाहणीत नोंद पाठवल्यावर 48 तासांत दुरुस्ती करता येते. ही सोय फार लोक वापरताना मला दिसत नाहीत. नोंद झाली त्याच संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी ती वाचायला सांगा आणि झाडांची नावं, गट क्रमांक, क्षेत्र कानांनी तपासा.

एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद होते, म्हणून शेजारच्या मुलाच्या फोनवर अर्ज भरलात तर काम झाल्यावर त्याला आपल्यासमोर आपलं खातं बंद करायला सांगा. आपली उत्तरं त्या फोनमध्ये पुढच्या माणसासाठी उघडी राहता कामा नयेत. सांगायला संकोच वाटतो, मुलगा ओळखीचा असतो. तरीही सांगा, त्यालाही त्याचं काही वाटणार नाही.