माग्दा नाखमान : रकान्यात न मावलेली चित्रकर्ती

(सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या भाषणाची ध्वनिमुद्रणावरून उतरवलेली संहिता)



१२ फेब्रुवारी १९५१ रोजी मुंबईत एका चित्रप्रदर्शनाचे उद्घाटन व्हावयाचे होते. भिंतींवर चित्रे लागली होती. परंतु उद्घाटनाला काही तास उरले असताना चित्रकर्तीने देह ठेवला. तिचे नाव माग्दा नाखमान. आपले आईवडील ज्या मुंबईत ट्रामने कामावर जात, त्याच मुंबईत ही बाई पंधरा वर्षे चित्रे रंगवीत होती, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तिचे नावही ऐकलेले नाही.

माग्दाबाईंचा जन्म १८८९ साली रशियात, सेंट पीटर्सबर्गजवळ झाला. वडील यहुदी, आई जर्मन वंशाची ल्युथरन ख्रिस्ती. मुलांचा बाप्तिस्मा झालेला. लिओन बाक्स्त या नामांकित यहुदी चित्रकाराच्या हाताखाली त्या शिकल्या. १९१३ साली त्यांनी तरुण कवयित्री मारीना त्स्वेतायेवा हिला समोर बसवून तिचे चित्र काढले. आज त्या कवयित्रीचे नाव जगभर आहे आणि ते चित्रही तिच्याबरोबर जगले आहे.

क्रांतीनंतरच्या उपासमारीच्या दिवसांत त्यांनी एम. पी. टी. आचार्य या मद्रासकडील क्रांतिकारकाशी लग्न केले. १९२२ साली दोघे बर्लिनला गेले. तेथे फार ओढग्रस्तीत दिवस काढले, तरी कुंचला खाली ठेवला नाही. १९३३ साली त्यांनी नाबोकोव या लेखकाचे चित्र रंगवले. त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. भारतीय नवरा आणि यहुदी बाप, एवढे त्या राज्यात पुरेसे होते. जर्मनी सोडून पतिपत्नी अखेर मुंबईस आली.

मुंबईत त्यांनी आपल्या देशातील साधी माणसे रंगवली: कष्टकरी, स्त्रिया, मुले. युरोपातून जीव वाचवून आलेले वॉल्टर लँगहॅमर, इमॅन्युएल श्लेसिंजर हे कलाप्रेमी त्याच काळात मुंबईत होते. त्यांनी आपल्या तरुण चित्रकारांना हात दिला, हे कलेच्या इतिहासात नोंदलेले आहे. माग्दाबाईंची पुष्कळ चित्रे मात्र नाहीशी झाली. आचार्यही १९५४ साली मुंबईतच दारिद्र्यात वारले.

मी ही हकीकत घरी सांगितली तेव्हा माझ्या नातीने विचारले, "आजी, मग ती यहुदी होती की नव्हती?"

उत्तर द्यायला मी थबकले. चाळीस वर्षे मी परिचारिकेचे काम केले. रुग्ण दाखल होताना नाव, वय, धर्म असे रकाने मीच भरीत असे. रकाना रिकामा राहिला तर वरिष्ठ रागावत. पण रात्रपाळीत रुग्णाचा श्वास मोजताना तो कागद मी कधी उघडून पाहिला नाही. तेथे समोर चेहराच असे.

धर्मशास्त्र आईवरून ठरवते. त्याप्रमाणे माग्दाबाई यहुदी नव्हेत. हिटलरच्या कायद्याने बापाकडचे आजी-आजोबा मोजले असते. दोन्ही मोजमापांत ती बाई स्वतः काय म्हणते, हे कोणी विचारीत नाही. शास्त्र मोडा असे मी म्हणत नाही. ते सांगणारी मी कोण? पण १९६० नंतरच्या वर्षांत इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायल मुलामुलींना लग्नाच्या वेळी आपल्या पूर्वजांची चौकशी सोसावी लागली. आपल्या वडीलधाऱ्यांनी तेथे धरणे धरले, तेव्हा १९६४ साली क्नेसेटने आपल्याला सर्वार्थाने यहुदी म्हणून मान्य केले. ज्यांच्या दारात अशी चौकशी आली, त्यांनी दुसऱ्याचा रकाना तपासताना आवाज जरा हळू ठेवावा.

येथे श्रूजबरीत आपल्या घरांतून परजातीच्या सुना आल्या आहेत, जावई आले आहेत. मलिद्याच्या ताटाजवळ ते संकोचून मागे उभे राहतात, हे मी पाहिले आहे. त्यांना पुढे बोलवा. नियमाचे जे असेल ते आपले जाणते लोक पाहतील. पण चेहऱ्याकडे बघणे हे तुमचेआमचे काम आहे. माग्दाबाईंनी जन्मभर तेच केले.

नातीला मी म्हटले, "बाळ, ती चित्रकर्ती होती, आणि आपल्या मुंबईची होती. आधी तिची चित्रे बघ."